फिलाडेल्फिया एका दिवसात, गाइडबरोबर – जावं काय नको?

टिळकवाडी_रिटायर्ड

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मेमध्ये मी आणि मिसेस मुलीकडं न्यू जर्सीला एडिसनला चाललोय. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता न्यायच्या मिठाईत कुंदा किती आणि करदंट किती यावर घरात चर्चा चालू आहे. काल मुलीचा फोन, म्हणे तुमच्यासाठी फिलाडेल्फियाची एक दिवसाची गाइडेड टूर बघून ठेवलीय, सकाळी आठला एडिसनमधनं व्हॅन निघते, आठ-दहा माणसं, एक गाइड, रात्री परत आणून सोडतात. ती आणि जावई दोघंही त्या दिवशी ऑफिसात, म्हणजे आम्ही दोघंच आणि बाकी सगळे अनोळखी.

तिनं पाठवलेलं पान उघडून वाचलं तर वाचतानाच दम लागला. इंडिपेंडन्स हॉल, लिबर्टी बेल, फ्रँकलिनची कबर, बेट्सी रॉसचं घर, कसलीतर जुनी गल्ली, सिटी हॉल, मार्केट, म्युझियमच्या पायऱ्या, जुना तुरुंग, वर नदीकाठ… १४ जागा आहेत यादीत. एका दिवसात १४ जागा म्हणजे बघायच्या कधी आणि बसायचं कधी?

अडचणी अशा की मिसेसचा डावा गुडघा धड नाही, सपाटीला चालते पण जिना आला की बसते. दुसरं म्हणजे गाइडचं बोलणं. आयुष्य बँकेत गेलं, इंग्रजी वाचायला-लिहायला काय अडत नाही, पण ती माणसं तोंडातल्या तोंडात काय बोलतात ते अर्धं डोक्यावरनं जातं. तिसरं जेवण, आम्ही शाकाहारी, अंडं पण नाही. आणि चौथं मिसेसचं म्हणणं, की आपल्याकडं हलशीला गेलं तरी कदंब राजांची जुनी देवळं आहेत, तिथं कोण तिकीट काढून जात नाही, आणि ह्यांचं अडीचशे वर्षांचं बघायला एवढे डॉलर कशाला घालवायचे. मला स्वतःला इतिहासाची आवड आहे पण या मुद्द्याला उत्तर सुचेना.

कोणी जाऊन आलंय काय? गाइड घेण्यात अर्थ आहे काय?

हिंडलगा_वहिनी

काका आम्ही मागं मुलाकडं गेलो होतो तेव्हा अशीच व्हॅनवाली टूर घेतली होती, कंपनीचं नाव सांगत नाही कारण तुमची तीच असेल असं पण नाही. पहिली गोष्ट आजच्या आज मुलीला विचारायला सांगा, ती म्हणजे यादीत "इंडिपेंडन्स हॉल" लिहिलंय ते आतून की बाहेरून? आमच्या यादीत पण लिहिलं होतं हो, पहिल्या नंबरला. प्रत्यक्षात काय झालं, व्हॅन रस्त्याच्या कडेला थांबली, गाइड म्हणाला हा बघा तो हॉल, इथं १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, फोटो काढा, दहा मिनिटं. आत जायचं तिकीट टूरमध्ये नव्हतंच. आमचे हे तर चिडून लाल. लाल विटांची इमारत, पांढरा मनोरा, त्यावर घड्याळ, असा फोटो काढून परत व्हॅनमध्ये. फोटोत पण अर्धी शाळेची पोरंच आलीत पिवळ्या टीशर्टातली.

गाइड माणूस वाईट नव्हता, पण त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडं. कुठं काय आवडलं म्हणून उभं राहिलं की "फोक्स, फोक्स" करत हाका मारायचा. आणि शेवटी टिप द्यावी लागते ते वेगळं, तिकडं टूरच्या पैशात ती धरलेली नसते, पंधरा ते वीस टक्के देतात लोक. हे आधी माहीत असलेलं बरं.

गुडघ्याचं म्हणाल तर मुख्य भाग सपाट आहे. पण जुन्या गल्लीत दगडी फरसबंदी आहे, एक दगड वर एक खाली, तिथं काकूंचा हात धरून चाला. आणि चप्पल नको, बूट घाला दोघंही.

खानापूर_ते_जर्सी

काका मी तिथनंच लिहितोय, एडिसनपासनं पंधरा मिनिटांवर राहतो. सरळ सांगू काय, व्हॅनची टूर कॅन्सल करा. कारण सांगतो.

इंडिपेंडन्स हॉल नॅशनल पार्क सर्व्हिसकडं आहे आणि आत गेलं की रेंजरच माहिती देतो, ती टोपी घातलेली सरकारी माणसं. म्हणजे गाइड तिथं फुकटच आहे! तिकिटाला पैसे नाहीत, ऑनलाइन बुकिंग केलं तर माणशी एक डॉलर फी आहे. पण टाइम ठरलेला असतो आणि मे-जूनमधले स्लॉट भराभर संपतात, म्हणून आत्तापासनं लक्ष ठेवायला सांगा मुलीला. लिबर्टी बेल समोरच आहे, तिला तिकीट लागतच नाही, फक्त लाइन. लाइन मोठी दिसली तर सकाळी उघडायच्या वेळेला जायचं नाहीतर संध्याकाळी.

हॉलच्या आधी सिक्युरिटी आहे, एअरपोर्टसारखी बॅग तपासतात. काकूंच्या पिशवीत पानाचा डबा असेल तर त्यातला अडकित्ता तेवढा घरी ठेवा. हसू नका, माझ्या आजीच्या कमरेच्या पिशवीतनं काय काय निघालं होतं ते मलाच माहीत.

तुम्ही बँकेतले म्हणालात म्हणून दोन जागा सांगतो, ज्या त्या १४ च्या यादीत नसणार. एक म्हणजे यूएस मिंट, टांकसाळ. अमेरिकेची पहिली टांकसाळ फिलाडेल्फियातच निघाली १७९२ ला, आत्ताची इमारत नवी आहे पण काम चालू असलेलं वरच्या गॅलरीतनं काचेतनं बघता येतं, नाण्यांचा पाऊस पडत असतो खाली. फुकट आहे, गाइड लागत नाही, आत फोटो काढू देत नाहीत. कामाच्या दिवशीच जा आणि वेळ बघून जा. इथनं निघालेल्या नाण्यावर, एक सेंटचं सोडून, बारीक "पी" असतो, मुलीकडं गेल्यावर चिल्लर काढून बघा. दुसरी, चेस्टनट स्ट्रीटवर सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत, ग्रीक देवळासारखे खांब. सरकारी सनदेवर चालणारी ही बँक अँड्र्यू जॅक्सन या प्रेसिडेंटनं बंद पाडली, १८३२ ला तिच्या मुदतवाढीचं बिल त्यानं फेटाळलं. आता आत जुनी पोर्ट्रेट्स लावलीत. बाहेरनं बघितली तरी चालते.

आणि बँकवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट, हे पेनसिल्व्हेनिया राज्यच कर्जफेडीत मिळालेलं आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स विल्यम पेनच्या बापाचं देणं लागत होता, १६,००० पौंड. रोख द्यायच्या ऐवजी १६८१ ला पोराला अमेरिकेतली जमीनच लिहून दिली. पुढच्या वर्षी पेननं तिथं फिलाडेल्फिया वसवायला घेतली. सिटी हॉलच्या टोकावर जो पुतळा दिसतो तो ह्याचाच, ३७ फुटी.

कसं जायचं: कार असेल तर टर्नपाइकनं, म्हणजे टोलच्या हायवेनं, सव्वा तास धरा, व्हिजिटर सेंटरच्या खालीच पार्किंग आहे. ट्रेननं जायचं तर एडिसनवरनं एनजे ट्रान्झिटनं ट्रेंटन, तिथं उतरून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाची लोकल ट्रेन, जेफरसन स्टेशनला उतरायचं. दोन तास जातात पण काकूंना पाय लांब करून बसता येतं.

वडगाव_गल्ली_नं_५

टूरवाले दुपारी एका दुकानात नेऊन सोडतात ते पण विचारून घ्या काका. आमच्या आत्याला अशाच एका टूरमध्ये पाऊण तास टीशर्टच्या दुकानात बसवलं होतं (फिलाडेल्फिया नव्हे, दुसरं शहर). तिनं पण चार टीशर्ट घेतले ती गोष्ट वेगळी. आजपर्यंत आमच्या घरात "आय लव्ह" लिहिलेल्या टीशर्टानं फरशी पुसूलालेत.

टिळकवाडी_रिटायर्ड

खानापूरकर, लई उपयोगी माहिती दिलीत, मुलीला तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. हिंडलगा वहिनी, तुम्ही म्हणालात ते तपासलं, बारीक अक्षरात खाली लिहिलंय, "बाहेरून दर्शन". म्हणजे विषय संपला. पंढरपूरला जाऊन कळस बघून परत यायचं.

पण गाइडशिवाय जायचं म्हणजे मला अजून धाकधूक वाटते. रेंजर बोलतो ते अर्धा तास, बाकी दिवसभर आम्ही दोघं पाटी वाचत फिरणार काय? आणि मिसेसच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलं नाही. अडीचशे वर्षांचं काय बघायचं?

निपाणीचे_सर

वहिनींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी हायस्कूलला इतिहास शिकवला आणि मुलाकडं गेल्यावर हे शहर निवांत बघितलं, त्यामुळं लांबेल, सांभाळून घ्या.

तारखा आपल्या तारखांना जोडून बघा, मग अडीचशे वर्षं थोडी वाटत नाहीत. १७७६ च्या मार्चमध्ये आपल्याकडं पुरंदरचा तह झाला, सवाई माधवराव दोन वर्षांचा पण पुरा नव्हता आणि नाना फडणवीस इंग्रजांशी बोलणी करत होते. त्याच वर्षी जुलैत हे लोक या हॉलमध्ये बसून इंग्रजांनाच सांगत होते की आता तुमचं राज्य आम्हाला नको. पुढं १७८७ ला मराठे आणि टिपूमध्ये गजेंद्रगडचा तह झाला, ज्या भांडणात आपलं कित्तूर आणि नरगुंद पार भरडून निघालं होतं, आणि त्याच वर्षी मे ते सप्टेंबर त्याच खोलीत ह्यांची राज्यघटना लिहिली गेली. भर उन्हाळ्यात, खिडक्या बंद करून, दारावर पहारा ठेवून, बातमी बाहेर फुटू नये म्हणून. तुम्ही मेच्या शेवटी जाल तेव्हा तिथला दमट उकाडा अंगावर घ्या म्हणजे त्या बंद खिडक्यांचा अर्थ कळेल, डोक्यावर केसाळ विग नि अंगात कोट घालून बसलेली माणसं.

ती खोली बघायला पाहिजे, म्हणून आतलं तिकीट महत्त्वाचं. टेबलांवर हिरवं कापड, त्यावर पिसांच्या लेखण्या, मेणबत्त्या. हे बरचसं सामान त्या काळातलं पण दुसरीकडनं आणून मांडलेलं आहे, मात्र समोर उंचावर जी खुर्ची आहे ती खरी, जॉर्ज वॉशिंग्टन घटनेच्या सभेचा अध्यक्ष म्हणून बसायचा ती. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. म्हातारा फ्रँकलिन, तेव्हा ८१ वर्षांचा, शेवटच्या दिवशी म्हणाला की इतके महिने मी विचार करत होतो हा सूर्य उगवतोय की मावळतोय, आता कळलं, उगवतोय. त्याच इमारतीत आधी एक कोर्टाची खोली लागते, आरोपीला उभं करायचा लाकडी पिंजरा तिथं आहे. एक सांगून ठेवतो, जाहीरनाम्याची सह्या केलेली मूळ प्रत तिथं नाही, ती वॉशिंग्टन शहरात आहे. लोक तिथं येऊन ती हुडकत बसतात. आणि सह्या पण ४ जुलैला झाल्या नाहीत, त्या दिवशी मजकूर मंजूर झाला, बहुतेकांनी सही केली २ ऑगस्टला.

आता घंटा, म्हणजे लिबर्टी बेल. लंडनहून १७५२ ला आली आणि पहिल्यांदा वाजवून बघतानाच तडकली. मग गावातल्याच पास आणि स्टो या दोघांनी वितळवून परत ओतली, आवाज आवडला नाही म्हणून परत एकदा ओतली. २,०८० पौंड वजन, म्हणजे साडेनऊशे किलोच्या जवळपास. पेनसिल्व्हेनियाचं स्पेलिंग तिच्यावर एक "एन" कमी असं आहे, पण त्या काळी तसं पण लिहायचे. आपण सगळे जी रुंद भेग बघतो ती खरं म्हणजे दुरुस्ती आहे! आधीची बारीक चीर पुढं वाढू नये आणि कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून ती मुद्दाम रुंद केली, वॉशिंग्टनच्या जयंतीला वाजवायची होती म्हणून १८४६ ला. वाजवली, आणि दुसरी चीर वरपर्यंत गेली, तेव्हापासनं घंटा मुकी. ४ जुलैला ती वाजली म्हणून जे सांगतात ती नंतर रचलेली गोष्ट. "लिबर्टी बेल" हे नाव पण त्या लढ्यातलं नाही, गुलामगिरीच्या विरोधातल्या लोकांनी १८३० च्या दशकात ते दिलं.

आणि इथंच एक जागा आहे जी बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. घंटेच्या इमारतीच्या दाराशीच, मार्केट स्ट्रीटच्या बाजूला, प्रेसिडेंट्स हाऊसची जागा आहे. घर शिल्लक नाही, नुसत्या भिंतींचे सांगाडे उभे केलेत. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया राजधानी होती, तेव्हा १७९७ पर्यंत पहिला प्रेसिडेंट वॉशिंग्टन इथं राहायचा आणि त्याच्या घरात नऊ गुलाम होते. पेनसिल्व्हेनियात १७८० चा कायदा होता, बाहेरनं आणलेला गुलाम सहा महिने सलग राहिला तर स्वातंत्र्य मागू शकायचा. म्हणून वॉशिंग्टन काय करायचा, सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याच्या बाहेर पाठवायचा आणि परत आणायचा, म्हणजे मोजणी परत पहिल्यापासनं. त्यातली ओनी जज नावाची मुलगी १७९६ ला घरची मंडळी जेवायला बसलेली असताना निघून गेली ती परत कधी हाती लागली नाही. स्वातंत्र्याची घंटा आणि हे घर, मध्ये अंतर किती तर पाच-पन्नास पावलं. माझ्या मते सगळ्या शहरात वेळ घालवायची जागा हीच. व्हॅनचा गाइड इथं थांबेलच असं नाही.

अजून एक ओळखीचा माणूस भेटेल, कॉर्नवॉलिस. १७७७ च्या सप्टेंबरात इंग्रजांची फौज घेऊन फिलाडेल्फियात शिरला तो हाच. पुढं यॉर्कटाऊनला शरण गेला, आणि मग १७८६ ला आपल्याकडं गव्हर्नर जनरल होऊन आला, १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूकडनं तह करून घेतला. तिकडं हरलेला माणूस इकडं जिंकला. आणि १८१८ ला बेळगावचा किल्ला पण इंग्रजांच्याच हातात गेला. वहिनींना सांगा, हलशी आपली आहेच, पण हे पण आपल्यापासनं फार लांबचं नाही.

खानापूर_ते_जर्सी

सर, जबरदस्त. तुम्हीच का नाही जात काकांबरोबर गाइड म्हणून 😀

एकच भर घालतो, आनंदीबाई जोशी. त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

निपाणीचे_सर

मी मुद्दाम थांबलो होतो, कारण ते सुरू केलं की पोस्ट संपणार नाही. पण काढलातच तर सांगतो.

आनंदीबाई १८८३ ला अमेरिकेला गेल्या त्या आधी न्यू जर्सीतच उतरल्या, रोसेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी. काका, रोसेल तुमच्या मुलीच्या एडिसनपासनं जवळच आहे. तिथनं फिलाडेल्फियाला विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये गेल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या, पदवीदानाला पंडिता रमाबाई स्वतः हजर होत्या. प्रबंधाचा विषय हिंदू स्त्रियांचं बाळंतपण. नंतर नेमणूक झाली ती आमच्या शेजारी कोल्हापूरला, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डवर. पण परत येईपर्यंत क्षयानं पोखरलं होतं, ती जागा सांभाळायला त्या पोचल्याच नाहीत, फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय २१. निपाणीहून कोल्हापूर एसटीनं तासाभराचं, तिथल्या बायकांना तेव्हा बाई डॉक्टर मिळता मिळता राहिली. मला दर वेळी याचंच वाईट वाटतं.

मात्र काका, तिथं जाऊन कॉलेज हुडकत बसू नका. ते तेव्हा शहराच्या उत्तरेला होतं, नंतर १९३० ला दुसरीकडं गेलं, पुढं दुसऱ्या संस्थांत विलीन होत आता ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गेलंय. जुनी कागदपत्रं आणि तो प्रसिद्ध फोटो, आनंदीबाई साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यात, तो त्यांच्या संग्रहात आहे. फोटो इंटरनेटवर चांगला मोठा बघायला मिळतो, त्यासाठी एका दिवसातले दोन तास घालवायची गरज नाही. खरंच काय करायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या रविवारी मुलीला गाडी काढायला सांगा, न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या स्मशानभूमीत त्यांच्या अस्थी आहेत, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या जागेत.

हिंडलगा_वहिनी

सर वाचताना अंगावर काटा आला. आम्ही तिथं होतो तेव्हा गाइडनं एका शब्दानं आनंदीबाईंचं नाव घेतलं नाही, त्याला तरी कुठनं माहीत असणार म्हणा.

काका जेवणाचं राहिलं. रीडिंग टर्मिनल मार्केट म्हणून मोठं बंदिस्त मार्केट आहे, १८९३ पासनचं, वर पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. खानापूरकरांनी सांगितलेलं जेफरसन स्टेशन तिथनं जवळच. शिरल्या शिरल्या मांसाचा वास येतो, काकूंना सांगून ठेवा, फिलाडेल्फियाचा चीजस्टेक म्हणजे बीफच, तो वास सगळीकडं. पण नाक दाबून पुढं गेलं की आमिश लोकांचे स्टॉल आहेत, दाढीवाले, बायका डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या, ती माणसं घरी वीज पण घेत नाहीत म्हणे पण इथं धंदा करतात झकास. त्यांच्याकडं प्रेट्झेल मिळतं, गरम, वरनं लोण्याचा ब्रश मारून देतात, ते हातात घेतलं की बोटं चकचकीत. मीठ कमी घाला म्हणून सांगा, जाडं मीठ असतं वर. केक-डोनट मध्ये अंडं असतं, तेव्हा ते नको. फळं, भाजलेले दाणे, आइस्क्रीमचं जुनं दुकान आहे १८६१ पासनच्या घराण्याचं, पण अंड्याचं विचारून घ्या. आणि आमिश लोक रविवारी येत नाहीत हा महत्त्वाचा मुद्दा, रविवारी गेलात तर अर्धी मजा गेली.

मी म्हणाल तर सकाळी थालीपीठ आणि लोणचं बांधून घ्या. हॉलच्या मागं मोठं मैदान आहे, झाडं, बाकडी, तिथं बसून खाता येतं. तिथंच ८ जुलै १७७६ ला जाहीरनामा पहिल्यांदा लोकांपुढं वाचला होता असं नंतर कुठंतर वाचलं. आम्ही चटणीचा डबा उघडला तर एक खार अंगावर येऊ लागली, लसणीच्या वासानं का काय माहीत.

वडगाव_गल्ली_नं_५

खार पण बेळगावची चटणी ओळखते 😄

टिळकवाडी_रिटायर्ड

सर, मिसेसला तुमचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. वॉशिंग्टनचं सहा महिन्यांचं ऐकून म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं टेम्पररी माणसाला पर्मनंट करायला लागू नये म्हणून मध्ये ब्रेक देतात तसंच की." बँकेत मी पण बघितलंय ते. आता तीच जायचं म्हणून मागं लागलीय, गुडघा विसरली.

तर असं ठरत आलंय: व्हॅनची टूर रद्द, शनिवारी मुलगी-जावई कारनं नेणार, आतलं तिकीट सकाळचं बघणार. पण मुलीचा अजून आग्रह आहे की थोडा तरी गाइड पाहिजेच, ती म्हणते दीड तासाची चालत फिरायची टूर असते, तेवढी घ्या. घ्यावी काय? आणि त्या म्युझियमच्या पायऱ्या, तुरुंग, हे ठेवायचं काय काढायचं? शनिवारी टांकसाळ बंद असेल तर मला हळहळ वाटणार.

खानापूर_ते_जर्सी

टांकसाळीसाठी एखादा वर्किंग डे काढा नंतर, मीच घेऊन जातो तुम्हाला, मला पण निमित्त पाहिजे.

चालायची टूर घ्या, तिला माझा विरोध नाही. माझा विरोध व्हॅनला. चालणारा गाइड छोट्या भागात फिरवतो, सगळं मिळून बेळगावात चन्नम्मा सर्कलवरनं गणपत गल्लीच्या तोंडापर्यंत चालल्यासारखं होतं, आणि मध्ये प्रश्न विचारता येतात. गाइडच्या अगदी जवळ उभं राहायचं, मागं राहिलं तर ऐकू येत नाही, आणि सुरुवातीलाच हसून सांगायचं की प्लीज जरा हळू बोला, ते लोक याचं वाईट मानत नाहीत. फक्त टूर हॉलच्या तिकिटाच्या आधी ठेवा, नंतर नको. आधी बाहेरची गोष्ट ऐकली की आत रेंजर जे बोलतो ते समजतं. दोन्हीत तासाभराचं अंतर ठेवा, सिक्युरिटीला वेळ जातो.

जुनी गल्ली, एलफ्रेथ्स अ‍ॅली, ठेवा. ३२ घरं आहेत, सगळ्यात जुनी १७०० च्या सुरुवातीची, आणि आत खरोखरची माणसं राहतात, तेव्हा खिडकीला नाक लावून बघू नका. दगडाचा त्रास आहे पण गल्ली छोटी आहे, कडेनं विटांचा फुटपाथ आहे. फ्रँकलिनची कबर तर रस्त्यावरनंच दिसते, कुंपणाच्या भिंतीत मुद्दाम खिडकीसारखी मोकळी जागा ठेवलीय, लोक तिथनं कबरीवर पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, टाकतात. टाकू नका मात्र, त्या नाण्यांनी दगड खराब होतो. बेट्सी रॉसचं घर बाहेरनं बघा, पहिला झेंडा तिनंच शिवला याचा त्या काळचा पुरावा काय नाही, पण घर गोड आहे.

तुरुंग काढा. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी, १८२९ चा, कैद्याला एकट्याला कोंडून पश्चात्ताप करायला लावायचा ही कल्पना तिथनं जगभर गेली. बघण्यासारखा आहे पण त्याला अर्धा दिवस पाहिजे, आणि या भागापासनं लांब आहे.

आता पायऱ्या. ७२ आहेत, त्या "रॉकी" नावाच्या बॉक्सिंगच्या पिक्चरमुळं सगळे तिथं पळत वर जातात आणि हात वर करून फोटो काढतात. काकूंना खाली बसवा आणि जावयाला पळायला लावा. पण म्युझियमच्या आत जायची इच्छा झाली तर मागच्या बाजूनं पायऱ्या न चढता जाता येतं, आणि आत एक गोष्ट आहे जी बघून मी स्वतः उभाच राहिलो होतो, मदुराईच्या देवळाचा अख्खा दगडी मंडप, सोळाव्या शतकातला, खांबांसकट. एक अमेरिकन बाई १९१२ ला तिकडं फिरायला गेली होती तिनं विकत घेतला. ते खांब बघितल्यावर काकूंचा हलशीचा मुद्दा परत वर येणार बघा, आणि त्यावेळी माझ्याकडं पण उत्तर नसेल.

निपाणीचे_सर

मंडप ठेवाच. पण सकाळी हॉल, चालायची टूर, घंटा आणि प्रेसिडेंट्स हाऊस, मग मैदानात थालीपीठ, एवढं झाल्यावर वहिनींना विचारा, गुडघा काय म्हणतो. नाही म्हणाल्या तर मार्केटमध्ये प्रेट्झेल घेऊन सरळ गाडीत बसा. म्युझियमला वेगळा दिवस द्या.

टिळकवाडी_रिटायर्ड

मिसेस म्हणते आधी थालीपिठाचं पीठ इथनं न्यायचं की तिकडं मिळतं?

हिंडलगा_वहिनी

भाजणी इथनंच न्या काकू, तिकडं मिळते पण मेली नुसती धने-जिऱ्याशिवायची. दोन पिशव्यांत सील करून चेक-इन बॅगेत ठेवा, आणि तिकडच्या कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून सरळ सांगा.